सुतकातला कोसा

माही बायको गेली तेव्हा पोरीचं पहिलं पीक झाडावर होतं. लोक विचारतात, बाई कशानं गेली. ताप डोक्यात चढला, गडचिरोलीच्या दवाखान्यात नेली, तिथी गेली. यापेक्षा जास्त मी कोणाले सांगत नाई. मले सांगायचं आहे ते त्याच्यानंतरच्या दिवसांचं. त्या दिवसांनी मले धड रडूही दिलं नाई.

आमी ढिवर. नदीतली मच्छी आणि जंगलातला कोसा, ही आमची दोन कामं. कोसा म्हणजे रेशीम, पण ते घरात सुपात ठेवून पाळायचं रेशीम नाई. आमचं रेशीम ऐनाच्या झाडावर, उघड्यावर होते. अंडी पानाले बांधायची. त्यातून केसासारख्या बारीक अळ्या निघतात, पान खात खात बोटाएवढ्या हिरव्यागार होतात आणि मग स्वतःभोवती टणक कोसा विणतात. तोपर्यंत सकाळपासून दिवस बुडेपर्यंत झाडाखाली उभं राहायचं. कावळे, कोतवाल, मुंगळे, गांधीलमाशा, सरडे, सगळ्याईचा त्या अळ्यांवर डोळा. एक दिवस राखण सुटली तर झाड रिकामं. आमच्यात अळी म्हणत नाईत, लेकरं म्हणतात. मीही आता लेकरंच म्हणीन.

लेकरांचे नियम कडक असतात. राखण करणारा दाढी करत नाई, डोक्याले तेल लावत नाई, मच्छी-मटन खात नाई, बायकोजवळ निजत नाई. नाल्यात आंघोळ करून ओल्या अंगानं आत जायचं. बायकांनी यायचं नाई. आणि सुतकवाल्यानं तर त्या बाजूले तोंडही करायचं नाई. मयत झालेल्या घरच्या माणसाची सावली पडली तर लेकरं काळी पडतात आणि उलटी लटकतात, असं माह्या बापानं मले सांगितलं आणि त्याच्या बापानं त्याले. गावातलं सेंटर चालवणारी बाई याले हसते. हसो. मी मानत होतो, आजही मानतो.

सेंटर आमच्या गावात पंचायतीच्या जुन्या गोडाऊनात आहे. पाटीवर त्याचं लांबलचक नाव आहे. मी चौथीपर्यंत शिकलो, वाचता येते, पण ते नाव आजपर्यंत शेवटपर्यंत वाचलं नाई. आत शिलाई मशिनी आहेत, पाण्याची मोटार उघडून दुरुस्त करणं शिकवतात, कोशाचं सूत काढायची यंत्रं आहेत. आणि एका खोलीत दुर्बीण आहे. कोशातून निघालेल्या पाखराचा थेंबभर रस काचेवर घेऊन त्या दुर्बिणीतून पाह्यला की त्याची अंडी निरोगी की रोगी ते समजते म्हणे. शिकायले येतात ती सगळी वयानं वाढलेली माणसं. शाळा सुटलेली, नवऱ्यानं टाकलेली, शहरातून हात हलवत परत आलेली. बाईचं म्हणणं एकच, दुसऱ्याच्या गाडीत बसून काम शोधत हिंडू नका, इथीच काहीतरी उभं करा. मी बायकोले म्हणलो होतो, पंख्याखाली बसून चहा प्यायची जागा आहे ती. बायको म्हणली, मग चहा पिऊनच येते, आणि पोरीले हाताले धरून घेऊन गेली.

पोर आमची एकुलती एक. नदीपलीकडच्या गावात दिली होती. धान कापून झालं की दरवर्षी नवरा-बायको मिरची तोडायले तेलंगणात जात. गावोगावची माणसं जातात, चौकात गाडी येते, बोचकी टाकतात आणि जातात. एका वर्षी ती एकटी परत आली. नवऱ्यानं तिकडंच मिरचीच्या मळ्यात दुसरीसोबत संसार मांडला. पोरीच्या हाताची कातडी सोललेली होती. आईले म्हणली, इथी उपाशी राहीन पण त्या गाडीत पुन्हा बसणार नाई. गाडी जायची त्याच मळ्यात, जिथी तो होता.

सेंटरच्या बाईनं पोरीले शब्द दिला होता. एक पीक झाडावरून कोशापर्यंत आणून दाखव, मग अंडी तयार करायच्या कामाले तुले घेते. ते काम बारमाही, गावातल्या गावात. नाई जमलं तर नाई. म्हणजे गोष्ट सरळ होती. पीक आलं तर सेंटर, नाई आलं तर गाडी.

पण बाईमाणसाले जंगलात घेणार कोण? कोशावाल्यांचा एक कारभारी असतो. आमचा कारभारी माह्याच वयाचा, वाळकं लाकूड, कमी बोलणारा. त्याची झाडं माह्या झाडांले लागून. तो नाई म्हणला. माही बायको रोज सकाळी त्याच्या दारात जाऊन बसू लागली. बोलायची काही नाई, तांदूळ निवडायची. त्याची सून वैतागली, गाव हसायले लागलं. शेवटी तो मले म्हणला, "तुह्या बायकोले घरी ने बावा. तुले पोरगा नाई म्हणून पोरीले येऊ देतो. तुह्याच झाडांवर, आणि ती एकटीच. दुसरी बाई नाला ओलांडून आली तर माह्याइतका वाईट नाई."

असं ते पीक झाडावर चढलं. लेकरं तीनदा कात टाकून झाली होती, आता खायचा जोर वाढला होता, आणि तेव्हाच बायको गेली.

नदीवरून मयताहून परत आलो. पोरीनं आंघोळ केली, आणि ओल्या केसांनी सरळ जंगलाच्या वाटेले लागली. मी मागून गेलो आणि नाल्याच्या अलीकडंच वाटेत आडवा झालो.

ती म्हणली, "बाबा, सरक. सकाळपासून झाडाखाली कोणी नाई."

मी म्हणलो, सुतक आहे.

"आई असती तर गेली असती."

"तुही आई नाई म्हणूनच तर सुतक आहे."

हे मी बोललो. कसं बोललो ते मले माहीत नाई. सरकलो मात्र नाई. त्या जंगलात आमची एकट्याची झाडं नव्हती. ज्याईनं दाढ्या वाढवून, उपास धरून राखण केली होती त्याईचीही लेकरं होती. पोरीचं पीक वाचवायले मी दुसऱ्याचं बुडवणार नव्हतो. आणि भावकीतल्या कोणाले पाठवावं तर सुतक सगळ्या भावकीले. बाकीचे आपापल्या झाडाखाली अडकलेले.

आमी दोघं तसेच वाटेवर उभे असताना कारभारी नाल्याच्या पलीकडून आला. मयताले तो आला नव्हता, राखणीतला माणूस येत नाई. पलीकडच्या काठावर थांबला. मले वाटलं, आता आमाले हाकलणार. त्यानं हातातल्या गुलेलीनं पोरीच्या झाडांकडं दाखवलं आणि बोलला.

"सुतक तुमाले आहे. लेकरांले नाई. मी पाहतो. जा घरी."

आणि परत फिरला. सांत्वनाचा एक शब्द नाई. मले राग आला, खोटं काऊन बोलू. आणि भरवसाही आला नाई. ज्या माणसाले पोरगी जंगलात नकोच होती, त्याच्याच हातात तिचं पीक गेलं होतं. त्यानं काही वाईट करायची गरज नव्हती. नुसती डुलकी लागली असती तरी पुष्कळ.

राखण करणारे फाटक्या बांबूचा फटका वाजवतात, पाखरं उडवायले. फट्, फट्. आमचं घर गावाच्या टोकाले, तो आवाज अंगणापर्यंत येते. लोक भेटायले येत होते, सतरंजीवर बसत होते, बाई किती चांगली होती ते सांगत होते. चामोर्शीच्या बाजारात माह्या बायकोनं कोणाशी कसं भांडण केलं होतं तेही एकीनं सांगितलं, आणि सगळे जरा हसले. मी हूं हूं करत होतो, पण कान सगळा त्या फटक्याकडं. पोरगी आत भिंतीले टेकून बसलेली. फटका वाजला की तिचे खांदे खाली यायचे. जरा उशीर झाला की ती मान वर करायची आणि मी पण. बायकोसाठी बसलेल्या लोकांमध्ये आमी दोघं दुसऱ्याच गोष्टीसाठी बसलो होतो. मले त्याची लाज वाटली नाई. बायको असती तर तिनंही तेच ऐकलं असतं.

मधल्या एका दिवशी सेंटरची बाई आली. नागपूरकडची, वयानं माह्या पोरीपेक्षा थोडी मोठी. दोन शब्द दुःखाचे बोलली आणि मग मले अंगणाच्या कोपऱ्यात घेऊन गेली. म्हणाली, "भाऊ, मुलीला जाऊ द्या. रोग सुतकानं येत नाही, घाणीनं आणि गर्दीनं येतो. त्या म्हाताऱ्या कारभाऱ्याला रोगाची पहिली खूण ओळखू येणार नाही. पीक गेलं तर मी तिला कामावर घेऊ शकणार नाही, माझ्याही वरती माणसं आहेत."

मी तिले म्हणलो, बाई, तुमी शिकवता ते शिकवा. माह्या घरात मयत झाली आहे, ते तुमच्या दुर्बिणीत दिसणार नाई.

ती निघाली. वाईट माणूस नव्हती. जाताना पोरीजवळ बसली, आणि दोघी हळू आवाजात खूप वेळ बोलल्या. मी विचारलं नाई. पण त्या दिवसापासून पोर दुपारी नाल्यापर्यंत जाऊ लागली. अलीकडच्या काठावर, नियमाच्या आत. पलीकडं हाक मारायची, "काका, कशी आहेत?" तिकडून फटका वाजायचा. तेच उत्तर. जंगलात लेकरांच्या तब्येतीबद्दल बोलत नाईत. चांगली आहेत म्हणलं तर दृष्ट लागते, वाईट आहेत म्हणलं तर खरं होते. ते तिलेही माहीत होतं.

मग बायकोच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी फटका थांबला.

आधी वाटलं, पाणी प्यायले गेला असेल. मग वाटलं, झोपला. पोर उठून उभी राह्यली. आमी दोघं नाल्यावर गेलो. पलीकडं कारभारी काठावरच बसला होता, दाढी छातीवर, हातात ऐनाची एक डहाळी. आमाले पाहून उठला. डहाळी नाल्यातल्या मधल्या दगडावर ठेवली आणि मागं सरकला.

डहाळीले एक लेकरू होतं. मागच्या पायानं पान धरून उलटं लटकलेलं, काळं, आणि तोंडातून पाणी गळत होतं.

माह्या बापानं सांगितलं होतं ते माह्यासमोर होतं. मी पोरीले म्हणलो, चल मागं, आपण इथी उभंच राहायले नको होतं. ती हलली नाई. गुडघ्यावर बसून, हात न लावता, लांबूनच पाहत होती. बराच वेळ पाह्यलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

कारभारी झाडांकडं पाहू लागला.

"काका, कधीपासून?"

"परवा," तो म्हणला.

"परवा? मी रोज येऊन विचारून राह्यली आणि तुमी फटका वाजवून राह्यले?"

"जंगलात बोलू नाई ते मी बोलत नाई. आज बोललो तेही तुह्यासाठी."

"किती झाडांवर?"

त्यानं हाताची बोटं उघडली, मग मिटली. थोडीच झाडं होती, पण पोरीचीच होती. त्याच्या झाडांले अजून लागलं नव्हतं. दोघाईच्या झाडांच्या फांद्या मात्र एकमेकीत गेलेल्या.

पोर उभी राह्यली. बोलली ती एकदम सेंटरच्या भाषेत. म्हणली, हा लागट रोग आहे. लेकरू फुटलं की त्याचं पाणी पानावर पडते आणि ते पान खाल्लेलं दुसरं लेकरू जाते. जी काळी पडली, जी सुस्त झाली, ती सगळी चिमट्यानं काढायची, खड्ड्यात चुना टाकून पुरायची. फांद्या जिथी भिडल्या तिथी छाटायच्या. चांगली लेकरं ताज्या झाडावर न्यायची. आज, आत्ता, दिवस बुडायच्या आत. उद्या तुमच्या झाडांवर जाईल.

कारभारी म्हणला, "जिवंत लेकरं चुन्यात पुरायची?"

"जी जगणार नाईत ती."

"मी हळदीचं पाणी शिंपडलं आहे. देवाले कोंबडं बोललो आहे. लेकरू पुरत नाई मी. माह्या हातानं आजवर एक मेलं नाई."

"मेलं नाई म्हणता. झाडाखाली पहा किती पडली असतील."

तो तिच्याकडं असा पाहू लागला की मले वाटलं, आता हा गुलेल उचलतो. मी मधात बोललो. मी शिकलेला नाई आणि मले दुर्बीण समजत नाई. मी एवढंच म्हणलो, "कारभाऱ्या, आमच्या सावलीनं झालं असलं तर पाप माह्यावर. पण रोग माह्या झाडावरून तुह्या झाडावर गेला तर तू काय करशील? तेव्हाही हळद शिंपडशील?"

तो बसला. डोक्याले हात लावला. लेकरांले हात लावायचे म्हणून त्याचा हात डोक्याकडंही जात नसे, तेल-घाम लागते म्हणून. ते पाहून मले समजलं की तो घाबरला आहे. तिथी तो एकटाच होता. एकट्यानं दिवस बुडायच्या आत ते होणारही नव्हतं.

मग तो पोरीले म्हणला, मले नाई, "मी पुरणार नाई. पण कोणी पुरत असलं तर मी तिकडं पाहणार नाई."

"कोण पुरेल? मी आत येऊ?"

"तू नाई. सुतकवालं कोणीच नाई." मग खाली पाहत म्हणला, "तुह्या त्या सेंटरच्या बाया आहेत ना."

मले ऐकू आलं ते खरं का, म्हणून मी पोरीकडं पाह्यलं. ती धावत सुटली होती.

सेंटरातून ज्या बाया मिळाल्या त्या आल्या. शिलाईवाल्या, सूत काढणाऱ्या, मोटारी शिकायले आलेली एक. बाईही आली, चुन्याच्या पिशव्या सायकलवर लादून. नाल्याजवळ येऊन बाई सरळ आत चालली, तर कारभारी आडवा. म्हणला, पाण्यात उतरा, डोकं बुडवा, मग या. बाईनं काही म्हणायले तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्या साड्यांसकट नाल्यात बसल्या. एकजण म्हणली, काका, साबण आणू का, आणि बाकीच्या हसल्या. कारभाऱ्यानं ऐकलं नाई असं केलं. त्या ओल्याचिंब होऊन त्याच्या समोरून आत गेल्या, आणि तो जाऊन आपल्या झाडाखाली तोंड फिरवून बसला. त्याच्या आयुष्यात त्या जंगलात इतक्या बाया कधी आल्या नव्हत्या. माह्याही नाई.

पोर अलीकडच्या काठावर उभी राहून ओरडत होती. खालच्या फांदीपासून धरा. पान उलटून पहा. मऊ लागलं तर काढा. पाठीवर पिवळं आलं तर काढा. नाई, ते नाई, ते कात टाकून राह्यलं आहे, त्याले हात लावू नका. तिकडून विचारायच्या, इकडून ती सांगायची. तिचा घसा बसला तेव्हा ती मले सांगायची आणि मी ओरडायचो. म्हातारा माणूस, उद्या दहावा, आणि मी नाल्यावर उभा राहून ओरडतो आहे, पाठ पिवळी आहे का पहा. रस्त्यानं जाणारे थांबून पाहत होते. कोणीतरी म्हणलं, म्हातारा बायकोच्या दुःखानं फिरला.

खड्डा भरत गेला. बाया एकेक काळं लेकरू आणून टाकायच्या, वर चुना. पलीकडून पोरीले दिसत होतं. ती मोजत नव्हती, मीही मोजलं नाई. फक्त एकदा म्हणली, "बाबा, काय उरणार आहे?" मी म्हणलो, उरेल तेवढं उरेल. दुसरं मले काही सुचलं नाई.

दिवस कलला तेव्हा बाया बाहेर आल्या, हात चुन्यानं सुजलेले. कारभारी तसाच तोंड फिरवून. पण फांद्या भिडल्या होत्या तिथल्या त्यानं स्वतःच छाटून टाकल्या होत्या, आपल्या झाडांच्याही.

दुसऱ्या दिवशी मी डोकं भादरून घेतलं, पिंड दिला. परत येताना फटका वाजत होता.

रोग थांबला. त्याच्या झाडांवर गेला नाई. सुतक फिटल्यावर पोर आत गेली आणि शेवटपर्यंत तिनंच राखण केली. कोसे लागले. पूर्ण झाडं भरून जसे लागतात तसे नाई, इथी चार तिथी चार, पण टणक, चांगले. मले आनंद झाला. मले वाटलं झालं.

झालं नव्हतं. बाई घरी आली, खाली मान घालून. म्हणाली, कोसे चांगले आहेत, सुताला घेऊ. पण ज्या पिकात रोग निघाला त्याची अंडी धरता येत नाहीत, आणि वरच्यांनी सांगितलं आहे की ज्यांच्या पिकातून अंडी धरता आली त्यांनाच कामावर घ्यायचं. पोरीनं वाद केला नाई. तेच तर ती शिकली होती. तिनं विचारलं, मग मी काय करू? बाई म्हणाली, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षीपर्यंत खायचं काय, हे तिनं सांगितलं नाई. धान कापून झालं होतं आणि चौकात गाडीची बोलणी सुरू झाली होती.

गाडी यायच्या सकाळी पोरीनं बोचकं बांधलं. मी पाहत होतो. थांब म्हणायचं माह्या जिभेवर होतं, पण थांबवून तिले काय देणार होतो? माह्या जाळ्यात मच्छी येत नाई आता, नजर कमजोर झाली. ती म्हणली, भात झाकून ठेवला आहे, आणि चौकाकडं गेली. मी दारातच बसलो.

तेवढ्यात कारभारी जाताना दिसला. सदरा घालून, दाढी काढून. मी त्याले लग्नातसुद्धा सदऱ्यात पाह्यलं नव्हतं. जंगलाकडं नाई, सेंटरकडं चालला होता. मी उठलो आणि त्याच्या मागं गेलो.

तो सेंटरच्या दारात उभा राह्यला, पायरी चढला नाई. बाई बाहेर आली. त्यानं एवढंच सांगितलं की पुढच्या मोसमात आमाले अंडी लागतील, सगळ्या कोशावाल्याईले. ती त्या पोरीच्या हातची असली तर घेऊ. नसली तर आमी आमची जुन्या पद्धतीनं धरू, तुमचं सेंटर तुमच्याजवळ.

बाई म्हणाली, "काका, तिच्या पिकात रोग होता."

"तिनंच ओळखला. मी दोन दिवस पाहत होतो आणि माह्या तोंडातून शब्द निघाला नाई." हे तो असं बोलला जसं दुसऱ्याबद्दल बोलतो आहे. "बियाण्याले माहे कोसे घ्या. त्याईले काही झालं नाई."

बाई मागं वळली. आत जाऊन कोणाशी तरी फोनवर बोलली, खूप वेळ, आवाज चढवून. चौकातून गाडीचा हॉर्न ऐकू आला. मी दारात पाय बदलत होतो. कारभारी हलला नाई. बाई बाहेर आली आणि म्हणाली, एक वर्ष, माझ्या जबाबदारीवर. पण एक अट आहे. प्रत्येक पाखरू ती दुर्बिणीतून पाहणार. ज्याच्यात रोग निघेल त्याची अंडी ती जाळणार, मग ती तुमच्या कोशातली असली तरी. तुम्ही मध्ये पडायचं नाही.

कारभाऱ्यानं जमिनीकडं पाह्यलं. मले आठवलं, माह्या हातानं एक मेलं नाई म्हणणारा माणूस हा.

"जाळो," तो म्हणला.

मी चौकाकडं निघालो. धावता येत नाई मले, पण जेवढं चालता आलं तेवढं चाललो. हॉर्न पुन्हा वाजला. गाडीत माणसं बसली होती, पोर मागच्या फळीजवळ, तोंडाले पदर. मी फळी धरली. दम लागला होता, बोलताच येईना. गाडीवाला म्हणला, बाबा, हात काढा. मी काढला नाई.

"कारभारी सेंटरले गेला," मी म्हणलो. "तुले काम आहे. एक वर्ष."

ती हलली नाई. "त्याच्या सांगण्यावर? उद्या त्यानं नाई म्हणलं तर?"

"बाईनं अट घातली. रोग निघाला तर त्याची अंडीही तू जाळशील. तो मध्ये पडणार नाई."

"आणि तो काय म्हणला?"

"जाळो म्हणला."

तिनं खात्री करायले माह्या तोंडाकडं पाह्यलं. मग बोचकं उचलून माह्याकडं टाकलं आणि फळीवरून उतरली. गाडीवाल्यानं शिव्या दिल्या, दुसऱ्या कोणाले तरी हाक मारली आणि गाडी गेली. पोर मले काही न बोलता सेंटरकडं चालू लागली, भराभर, जसं आता उशीर झाला की दार लागेल.

मी बोचकं खांद्यावर घेतलं आणि घराकडं वळलो. पाय आपोआप उचलत होते. केव्हा एकदा घरी जातो आणि बायकोले सांगतो असं झालं होतं मले. अंगणात येईपर्यंत मले आठवलं नाई की ती नाई. मग मी बोचकं खाली ठेवलं, भात झाकलेला होता तिथी बसलो, आणि तेव्हा कुठी मले रडू आलं.